डोकं आमचं, ट्रॉलीचा दिवा कुणाचा?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी रोज मोटरसायकलवरून हेर्ल्याहून शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला जातो. सांगली फाट्याजवळ तपासणी असली की समोरून येणारे हेडलाइट मारून इशारा देतात. मग कोपरात अडकवलेली हेल्मेटं पटापट डोक्यावर चढतात. पट्टा कुणीच लावत नाही. पोलीस मागं पडले की हेल्मेट पुन्हा कोपरात.

मीही त्यातलाच होतो. ‘माझं डोकं, माझी मर्जी’ हे टपरीवर चहा पिताना कितीदा ठासून सांगितलंय. आंदोलन करून टोल घालवलेली माणसं आम्ही, वरून हुकूम आला की कोल्हापूरकराची मान आधी ताठ होते. पण तोच मी फौंड्रीच्या गेटात शिरताना सेफ्टीची कडक टोपी मुकाट्यानं चढवतो. तिथं माझी मर्जी कुणी विचारत नाही आणि मला रागही येत नाही, कारण डोक्यावर क्रेनला टांगलेली लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूची बादली, दिसत असते. रस्त्यावर असं काही दिसत नाही.

मला ते एका जानेवारीत दिसलं. सेकंड शिफ्ट सुटली होती. समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला, तो सरला आणि पुढ्यात नुसता ऊस. पंक्चर झालेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी. चाकाला दगड लावलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. त्या रात्री हेल्मेट घातलं होतं ते थंडीसाठी, आणि पट्टा लावला होता तो कान झाकावेत म्हणून. खोटं कशाला सांगू?

खांद्याचं हाड मोडलं, डोकं राहिलं. हेल्मेटला बाहेरून चीर, आतला थर्माकोल उजवीकडं अंगठा बसेल एवढा चेपलेला. तो चेपतो म्हणूनच धक्का कवटीपर्यंत पोचत नाही. एकदा चेपला की हेल्मेट बाद. आई मात्र ते टाकू देत नाही, फडताळात ठेवलंय.

पुढं दोन महिने धार भावानं काढली, कँटीनमध्ये पोरांनी वर्गणी गोळा केली. टपरीवरची ‘माझी मर्जी’ तेव्हापासून माझ्या तोंडून निघत नाही.

तेव्हा साहेब, हेल्मेटसक्ती उठवा असं मी म्हणत नाही. ती अर्धवट आहे, एवढीच तक्रार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं लिहिलंय, पण चौकात दंडासाठी फोटो काढताना पट्टा कोण बघतं? १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तरी कडेला ताडपत्रीवर मांडलेली खेळणी आहेतच. त्यातलं एक बोटानं दाबून बघा, आत नुसता स्पंज लागतो. नव्या गाडीबरोबर कंपनीनं हेल्मेट द्यायचं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. मी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोरानं विचारलं, ‘अ‍ॅक्सेसरीजमध्ये धरू का?’ आणि धरलंही.

हे सगळं सावकाश करा. पण ट्रॉलीचं काम सावकाश करण्यासारखं नाही. हेल्मेट घालायचं की नाही हे निदान माझ्या हातात होतं. अंधारात उभ्या ट्रॉलीपुढं माझी कसली मर्जी?

दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होईल. ऊस घेऊन आलेली प्रत्येक ट्रॉली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबतेच. मागं रिफ्लेक्टरची पट्टी नसेल तर काटा करायचा नाही, असा आदेश कारखान्यांना निघेल असं बघा. काट्यावरच्या कारकुनानं खिडकीतून मान बाहेर काढली तरी भागतं. पट्टी नसलेल्या गाडीवाल्याला तिथंच लावून द्या, पैसे ऊस बिलातून कापा. शेतकरी कुरकुरतील, त्यात माझा भाऊही असेल. त्याच्या ट्रॉलीला पट्टी मी लावलीय, पण ती त्याला अजून आवडलेली नाही.

आपला,
हेर्ल्याचा एक मोटरसायकलवाला