घरातला फायबरचा बॉक्स बदलण्याआधी

कुडाळ

प्रिय मित्र सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वाडीतला केबलवाला आपले सगळे ग्राहक ईपॉनवरून जीपॉनवर (फायबरवरून इंटरनेट पुरवण्याच्या ह्या दोन पद्धती) नेणार आहे आणि त्यासाठी प्रत्येकाने नवा बॉक्स विकत घ्यावा असे सांगत फिरतो आहे, हे काकूंनी तुला कळवले. आताचा बॉक्स धड जुनाही झालेला नाही, मग त्याच्यावरच भागणार नाही का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते भागेल. परंतु त्याला काही अटी आहेत, त्या सविस्तर लिहितो. फोनवर हा विषय काढला की तू लगेच काजूच्या भावावर जातोस.

केबलवाल्याच्या खोलीतल्या मुख्य यंत्राला ओएलटी म्हणतात. तिथून निघालेले एकच फायबर तिठ्यावरच्या खांबावर लटकणाऱ्या काळ्या डब्यात येते आणि त्यातल्या स्प्लिटरमधून अनेक घरांना वाटले जाते. ह्या वाटेत विजेवर चालणारे काहीच नसते, म्हणून ह्या जाळ्याला पॅसिव्ह म्हणतात; पॉनमधला ‘प’ तोच. ओएलटीने पाठवलेला प्रकाश सर्व घरांत सारखाच पोहोचतो आणि प्रत्येक बॉक्स त्यातला आपल्यापुरता मजकूर उचलतो. उलट दिशेने मात्र प्रत्येकाला ठरवून दिलेल्या क्षणीच बोलावे लागते, नाहीतर एकाचा प्रकाश दुसऱ्यावर आदळेल. इथपर्यंत ईपॉन आणि जीपॉन सारखेच आहेत. ईपॉन हे आयट्रिपलई ह्या अभियंत्यांच्या संस्थेचे २००४ सालचे मानक, इथरनेटच्या चौकटी जशाच्या तशा फायबरवर चढवणारे. दोन्ही दिशांना सव्वा गिगाबिट, पण त्यातला पाचवा भाग संकेतनातच खर्च होतो. जीपॉन हे आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे, जी.९८४ ह्या मालिकेतले. त्यात खाली येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाताना सुमारे १.२५ गिगाबिट मिळतात, आणि सगळा व्यवहार १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटींत बसवलेला असतो.

गंमत अशी की दोन्हींच्या प्रकाशाची तरंगलांबीही एकच आहे: खाली येताना १४९० नॅनोमीटर, वर जाताना १३१०. म्हणून एका स्प्लिटरवर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत; त्या डब्यावरची सगळी घरे एकाच दिवशी बदलावी लागतात. आणि म्हणूनच त्या दिवशी काकूंचा बॉक्स ईपॉनवरच राहिला, तर त्यात प्रकाश व्यवस्थित येत असेल, साध्या पॉवर मीटरवर आकडाही आधीसारखाच दिसेल, तरीही पॉनचा हिरवा दिवा स्थिर न होता लुकलुकत राहील. असे झाले की माणसे फायबर तुटले समजून खांबावर चढतात. ते व्यर्थ आहे.

मागे काकूंकडे गेलो होतो तेव्हा बॉक्स उलटा करून पाहिला. पाठीवरच्या चिठ्ठीवर एक्सपॉन असे छापलेले आहे, म्हणजे आतली चिप दोन्ही मानके जाणते. ह्यावर सगळे अवलंबून होते. नुसते ईपॉन लिहिलेले असते तर कोणत्याही सेटिंगने त्याचे जीपॉन झाले नसते. त्याच चिठ्ठीवर दोन ओळखी आहेत: एक मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यावर यंत्र ओळखण्याचा क्रमांक, आणि दुसरा बारा अक्षरांचा जीपॉन अनुक्रमांक, ज्याची पहिली चार अक्षरे उत्पादकाची खूण असतात. दोन्हींचा फोटो सोबत पाठवतो आहे. बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर पॉन मोड म्हणून एक रकाना आहे, त्यात ईपॉन, जीपॉन आणि ऑटो असे तीन पर्याय आहेत. ऑटोवर बॉक्स स्वतः चाचपून ठरवतो. तरी ओएलटी कोणती आहे हे एकदा पक्के कळल्यावर मी सरळ जीपॉन निवडून बॉक्स पुन्हा चालू करतो, म्हणजे वीज गेली-आली की दर वेळी चाचपडणे नको.

खरी मेख पुढे आहे. ईपॉनमध्ये केबलवाल्याने बहुधा मॅक पत्ता पाहून तुला आत घेतले होते. जीपॉनमध्ये त्याला तुझा अनुक्रमांक ओएलटीवर चढवावा लागेल, आणि काही ठिकाणी वेगळा पासवर्डही द्यावा लागतो. तो हे करायला तयार नसेल तर तू मोड शंभरदा बदललास तरी उपयोग नाही. शिवाय जीपॉनमध्ये ओएलटी ओएमसीआय नावाच्या पद्धतीने बॉक्सची मांडणी दुरूनच करते; ओएलटी एका कंपनीची आणि बॉक्स दुसऱ्या कंपनीचा असला की कधीकधी पॉनचा दिवा स्थिर होतो, पण इंटरनेट येत नाही. अशा वेळी व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरची वाहतूक वेगवेगळी ठेवणाऱ्या खुणेचा, क्रमांक दोन्हीकडे जुळतो का ते आधी पाहावे. म्हणून केबलवाल्याशी भांडू नकोस. “माझा बॉक्स एक्सपॉन आहे, हा अनुक्रमांक घ्या, व्हीलॅन सांगा,” एवढेच त्याला शांतपणे सांग. नवे बॉक्स खपवण्यात त्याचा थोडा स्वार्थ आहे हे उघड आहे, पण निम्म्या वाडीत खरोखरच नुसते ईपॉनचे बॉक्स आहेत, तेव्हा त्याचे सांगणे अगदीच खोटे नाही.

प्रकाशाची पातळी मात्र मी स्वतः पाहीन. जीपॉनच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी प्लस वर्गात घरच्या बॉक्सला उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश पुरतो (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचे एकक; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). काकूंकडे उणे २५ च्या आसपास आहे, म्हणजे चालते, पण हातात फारसे काही उरत नाही. पडवीवरून गेलेल्या केबलवर वानरे लोंबकळतात आणि पावसाळ्यात नारळाची झावळ पडते. एक वाकडा पीळ पडला की डीबी-दोन डीबी सहज जातात. त्यातून मागच्या वेळी कोणीतरी हिरव्या टोकाची पॅचकॉर्ड (भिंतीपासून बॉक्सपर्यंतची छोटी फायबरची तार) निळ्या जोडणीत बसवून ठेवली आहे. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरपे घासलेले असते, निळ्याचे सरळ; दोन्ही नीट टेकत नाहीत आणि मधल्या फटीत प्रकाश वाया जातो. ते मी बदलून घेईन. फायबरच्या टोकात डोकावू नका असे काकूंना पुन्हा बजाव. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

तू एक्सजीएस-पॉन ह्या जीपॉननंतरच्या वेगवान पद्धतीबद्दलही विचारलेस. त्याच्या तरंगलांब्या १५७७ आणि १२७० अशा वेगळ्या असल्यामुळे ते जीपॉनसोबत त्याच फायबरवर चालते, आणि दोन्ही दिशांना दहा गिगाबिट देते. त्याला बॉक्सही वेगळा लागतो आणि ओएलटीही. काकूंना नातवाचा व्हिडिओ कॉल लावायला त्याची गरज नाही, आणि तुला गणपतीनंतर महिनाभर घरून काम करायचे असेल तरी नाही. त्या पैशात माजघरातल्या जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे वायफाय पोहोचवणारा एक जादा ॲक्सेस पॉइंट घे.

येताना लॅमिंग्टन रोडवरून एक तीन मीटरची पॅचकॉर्ड आण, बॉक्सकडचे टोक पाहून सांगतो तशीच. भिंतीतल्या जोडणीचा रंग मी उद्या काकूंकडून विचारून घेतो आणि तुला कळवतो. केबलवाला तारीख सांगेल तेव्हा मी तिथे हजर राहीन.

तुझा,
प्रमोद