गाझात जवान जावोत न जावोत, शाळांची जबाबदारी घ्या

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

सुरक्षा परिषदेने 17 नोव्हेंबर 2025 रोजी गाझासाठी आंतरराष्ट्रीय स्थिरीकरण दलाला मंजुरी दिली. भारताने त्यात जवान पाठवावेत का, हा निर्णय सरकारचा. माझी विनंती वेगळी आहे: तिथल्या शिक्षणाची जबाबदारी भारताने स्वतःहून मागून घ्यावी.

असं म्हणण्यामागे आपलाच अनुभव आहे. इजिप्तवर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केला त्या 1956 च्या सुवेझ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गाझा आणि इजिप्तच्या सिनाईत उतरली, तेव्हा भारतीय तुकडी तिच्यात होती. पुढे जनरल ग्यानी आणि जनरल रिखये या भारतीय अधिकाऱ्यांनी तिचं नेतृत्वही केलं. दहा वर्षं इस्रायलची तिथली सीमा बरीचशी शांत राहिली. मे 1967 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ही शांतिसेना काढून घ्यायला सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मानलं आणि 5 जूनला इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटलं. त्यात गाझातले आपले जवानही मारले गेले. त्यांनी राखलेल्या त्या दहा वर्षांत दोन्हीकडची मुलं शाळेत जात होती, पण पलीकडच्या माणसांची ओळख त्यांना कुणी करून दिली नाही.

ती करून देता येते. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना एकत्र बसवून इतिहासाचं पाठ्यपुस्तक तयार केलं. पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी आणि मध्ये विद्यार्थ्याने स्वतः लिहायची कोरी जागा. 1948 म्हणजे एकाचं स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचा नकबा, म्हणजे घरदार गमावण्याची महाआपत्ती, हे त्या मुलांना एकाच पानावर वाचायला मिळत होतं. दोन्ही बाजूंच्या सरकारी शाळांनी त्याला दारं बंद केली, हे मला फार लागतं. जेरुसलेममधल्या ज्या शाळेत ज्यू आणि अरब मुलं हिब्रू व अरबी दोन्ही भाषांत शिकतात, तिथे 2014 मध्ये पहिलीचा वर्ग जाळला गेला. शाळा तरीही चालू राहिली.

7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझाचा झालेला विध्वंस, दोन्ही पाहिलेली मुलं उद्या वर्गात बसणार आहेत. त्यांना शिकवणारे शिक्षकही तेच सोसून आलेले असतील.

साहेब, गाझाच्या अल-अझहर विद्यापीठात नेहरूंच्या नावाचं ग्रंथालय भारतानेच उभारलं होतं. पुनर्बांधणीची सुरुवात भारताने तिथून करावी. पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांना आपण शिष्यवृत्त्या देतोच, त्यांतल्या काही शिक्षक-प्रशिक्षणासाठी राखून ठेवाव्यात. निर्वासितांच्या शाळा चालवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत दरवर्षी 50 लाख डॉलर देत आला आहे, ती रक्कम वाढवावी. पूर्व जेरुसलेममधल्या तिच्या शाळा मे 2025 मध्ये इस्रायलने बंद केल्या. तो विषय इस्रायलशी असलेल्या आपल्या मैत्रीच्या बळावर स्पष्टपणे काढावा, आणि त्याच बैठकीत द्विभाषिक शाळांना मदतही देऊ करावी.

इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आहेत. मुसलमान शेजाऱ्यांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याच्या आठवणी त्यांच्या घराघरांत आहेत. अशा कामात त्यांनाही सोबत घ्यावं.

जवान पाठवायचं ठरलंच, तर त्यांच्या कामात शाळांचं संरक्षण लेखी नमूद करून घ्या, आणि त्याच विमानातून शिक्षक-प्रशिक्षकांची पहिली तुकडी पाठवा.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका
पुणे