पंधरा-पंधरा व्होल्टच्या पायऱ्या

पुणे

प्रिय अव्या,

पत्र मिळालं. नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला की लोक आधी मोबाईल काढतात, आणि वर मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या झटक्यांच्या प्रयोगातला तो पासष्ट टक्क्यांचा आकडा. एवढ्यावर तू अख्ख्या मनुष्यजातीला मुळातच नीच ठरवून मोकळा झालास. घाई झाली रे. षड्रिपू आहेतच, त्यावर माझा वाद नाही. पण ज्या आकड्यावर इमला बांधलायस, तो जरा उलगडून बघ.

स्टॅन्ली मिलग्रॅमचे प्रयोग येल विद्यापीठात ऑगस्ट १९६१मध्ये सुरू झाले, म्हणजे आपल्याकडे पानशेत फुटल्यावर महिनाभरानं. जाहिरात वाचून आलेल्या माणसाला चार डॉलर आणि वाटखर्चाचे पन्नास सेंट. त्यानं व्हायचं ‘शिक्षक’. पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला की विजेचा झटका द्यायचा. विद्यार्थी आतलाच माणूस, झटके खोटे. यंत्राला तीस खटके : पहिला १५ व्होल्टचा, पुढचा प्रत्येक १५नं जास्त, शेवटचा ४५०. खात्री पटावी म्हणून शिक्षकाला आधी ४५ व्होल्टचा एक खरा झटका देत. गाजलेल्या पहिल्या फेरीत विद्यार्थी ३००ला भिंतीवर धडका मारतो, ३१५नंतर गप्प होतो. ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. तुझे पासष्ट टक्के ते हेच.

सगळी मेख त्या पंधरात आहे. २८५ दिल्यावर ३००ला नाही म्हणायचं, तर आधीचे एकोणीस का दिले याचा जाब स्वतःलाच द्यावा लागतो. वाटेत थांबायला ओटाच ठेवलेला नाही. शिवाय शेजारी कोट घातलेला साहेब शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हणतोय.

आता पुढच्या फेऱ्या बघ. त्या सहसा कोणी सांगत नाही. विद्यार्थी त्याच खोलीत बसवला : शेवटपर्यंत गेले ४० टक्के. त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर दाबायला लावला : ३०. साहेब बाहेर जाऊन फोनवरून हुकूम सोडू लागला : २०च्या आसपास, आणि काही जण तर फोनवर ‘वाढवतोय’ सांगून सगळ्यांत खालचाच खटका दाबत राहिले (याला लबाडी म्हणायचं की चांगुलपणा, तूच ठरव). सोबतच्या दोन शिक्षकांनी ‘आम्ही नाही करत’ म्हणून हात झटकले तेव्हा ४० पैकी ४. दोन साहेबांचंच आपसात जुळेना तेव्हा एकही नाही. आणि किती व्होल्ट द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगितलं तेव्हा ४०तला एकच जण ४५०पर्यंत पोचला. दुष्टपणा आतूनच उसळत असता, तर हीच फेरी सगळ्यांत भयंकर झाली असती. तो एक होता, हे मात्र मी नाकारत नाही.

१९७१च्या स्टॅनफर्डच्या ‘तुरुंगा’चंही (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं, तो प्रयोग) तू लिहिलंयस. त्यात वेळ घालवू नकोस. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळला, आणि पहारेकऱ्याला कडक वागायला पढवल्याची ध्वनिफीत पुढे बाहेर आली.

आता तुझ्या नवले पुलाच्या उताराकडे येऊ. डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८मध्ये इंटरकॉमवरून एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१. जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते. म्हणजे काळजी होती, पण ‘दुसरा कोणी गेला असेल’ यात ती अडकली. उलट ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनच्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, त्याचा निष्कर्ष २०१९मध्ये आला : दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं.

म्हणून गाडी बाजूला घेतलीस की ‘कोणीतरी मदत करा’ असं ओरडू नकोस. ‘कोणीतरी’ नावाचा माणूस गर्दीत नसतो. बोट दाखव : “ओ निळा शर्ट, १०८ लावा, लागला की मला सांगा.” दुसऱ्याला : “काका, कडेकडेनं वर जा आणि येणाऱ्या गाड्यांना हात करा.” रक्त वाहतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धर. हेल्मेट ओढून काढू नकोस. मानेला मार असेल तर त्यानंच घात होतो. आणि पाणी पाजू देऊ नकोस. आपल्याकडे बाटली घेऊन दहा जण धावतात, मनानं अगदी चांगले. पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जातं.

‘पोलिसांचं झंझट नको’ म्हणणाऱ्याला कलम १३४अ सांग. मोटार वाहन कायद्यात ते २०१९च्या दुरुस्तीनं आलं. सद्भावनेनं मदत करताना काही चुकलं, तरी मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही.

एवढं एका पाटीवर बसवायचं आहे. मजकूर तू कर, चार ओळींच्या वर जाऊ देऊ नकोस. पुण्यात पाटी रंगवणारा शोधायला मला वेळ लागणार नाही.

तुझा,
मधू