बदलापूर फास्टमधल्या काकूंना

प्रिय काकू,

तुम्ही रिटायर होऊन दोन महिने होत आले. निरोपाच्या दिवशी आपल्या लोकलमध्ये प्रत्येकीने दोन शब्द बोलायचं ठरलं होतं. माझी पाळी आली आणि नेमकं घाटकोपर आलं. उतरणाऱ्यांची झुंबड उडाली, पिशव्या, ओढण्या, 'अगं माझी छत्री' या गोंधळात माझं बोलणं राहून गेलं. ते आज लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, पण आपल्या बायकांच्या डब्यातल्या सगळ्याजणी ओळखतीलच.

जून २०११ मध्ये लग्न होऊन मी परभणीहून बदलापूरला आले आणि महिन्याभरात फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागले. घरी आम्ही दोघंच. यांची रात्रपाळी असायची. मी निघायचे तेव्हा हे यायचे, मी यायचे तेव्हा हे निघायचे. ऑफिसात जो तो मान खाली घालून. रिक्षावाल्याला 'स्टेशन' आणि भाजीवाल्याला 'पाव किलो', एवढंच दिवसभरात माझ्या तोंडून निघालं, असे कितीतरी दिवस गेले. आमच्या परभणीच्या वाड्यात सकाळी सडा टाकायला दारात आलं की समोरची विचारायची, 'उठलीस का गं?' हातात बादली दिसत असताना विचारायची. बाजारातून आलं की, 'आलीस का?' त्या वेळी मला वाटायचं, दिसतंय ना, मग विचारता कशाला? बदलापूरला आल्यावर कळलं की तसं विचारणारं कुणी नसलं म्हणजे काय होतं.

गाडीत मी तीन आठवडे दाराजवळच्या दांड्याला धरून उभी होते. तुम्ही विचारलंत, 'कुठे उतरणार?' मी म्हटलं, 'सीएसटी.' 'ते नव्हे गं, गाव कोणतं?' मी परभणी म्हणाले, तर तुम्ही अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणालात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी! ए, सरका गं जरा, हिला बसू दे.' तिघींच्या बाकावर कडेची ती चौथी सीट. अर्धी मांडी बाहेर, पाय जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांत. पण त्या दिवसापासून मला डब्यात नाव मिळालं. आजही मी तिथे परभणीच आहे.

दुसऱ्या दिवशी तुमचा पहिला प्रश्न, 'डब्यात काय आज?' मी म्हटलं, शेवग्याच्या शेंगा. 'चिंच घातलीस की आमसूल?' मग आमसुलावरून चार जणींचं जे सुरू झालं ते ठाण्यापर्यंत चाललं. कडव्या वालांना मोड आले की ते कोमट पाण्यात टाकायचे, म्हणजे सालं बोटाच्या चिमटीत सुटून येतात, हे मी त्या गाडीतच शिकले. आमच्या शेंगदाण्याच्या कुटाचं तुम्हा सगळ्यांना आधी नवल वाटायचं, पुढे तुम्हीच डब्यातून मागून घ्यायला लागलात. पाणी आलं का, गॅस आला का, रविवारी मेगाब्लॉक आहे का, धाकट्याचा ताप उतरला का. रोज तेच प्रश्न. संक्रांतीनंतर गाडीतलं हळदीकुंकू, दसऱ्याला सुट्टी म्हणून खंडेनवमीलाच डब्याला बांधलेली झेंडूची तोरणं आणि पेढे, हेही होतंच. पण मला जास्त आठवतात ते साधे मंगळवार-बुधवार, ज्या दिवशी काहीच नव्हतं.

आणि जानेवारी २०१४.

माझी आई गेली. तेरावं करून मी देवगिरी एक्सप्रेसने परत आले आणि तशीच कामावर रुजू झाले. ऑफिसात प्रत्येक जण टेबलापाशी येऊन म्हणत होता, 'फार वाईट झालं.' सगळे मनापासूनच म्हणत होते. पण त्याला उत्तर काय द्यायचं हे मला कळत नव्हतं, आणि मी दिवसभर नुसती मान हलवत होते. संध्याकाळच्या गाडीत तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. काही बोलला नाहीत. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर मटारच्या शेंगा. तुम्ही ओंजळ भरून शेंगा माझ्या ओढणीत टाकल्यात आणि म्हणालात, 'घे, सोल. अळी बघून सोल गं, परवा दोन निघाल्या.' मी सोलायला लागले. शेंगेची शीर ओढायची, अंगठ्याने फोडायची, दाणे पिशवीत, सालं कागदावर. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं. तुम्ही आणि शेजारची मटार कसा दिला यावर बोलत होतात. ठाण्यानंतर पारसिकचा बोगदा लागला.

तो बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. त्यात गाडी शिरली की आवाजाने सगळ्यांचं बोलणं जिथल्या तिथे थांबायचं आणि पलीकडे निघाल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. त्या दिवशी त्या आवाजात मी रडले, काकू. तेरा दिवसांत रडले नव्हते एवढं, मोठ्याने. कुणाला ऐकू गेलं नसेल, पण तुम्ही पाहिलंत. गाडी बाहेर आली तेव्हा तुमचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि तुम्ही शेजारणीला सांगत होतात, 'म्हणून मी दोन किलो घेतला.' बोगद्याच्या आधी सुरू केलेलं वाक्य. मी डोळे पुसले आणि पुढची शेंग उचलली. त्या दिवशी तुम्ही माझी विचारपूस केली असती तर दुसऱ्या दिवशी मी बहुतेक दुसऱ्या डब्यात चढले असते.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून गाड्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गाडीच्याच वेळेला ग्रुपवर तुमचा आवाज आला, 'डब्यात काय आज?' डबा कुणाचाच भरायचा नव्हता. तरी पाठोपाठ उत्तरं आली: पिठलं, मुगाची खिचडी, कालचीच आमटी. रोज येत राहिली. यांचा पगार अर्ध्यावर आला होता, मी घरून हिशेब करत होते, पण त्या आवाजाला उत्तर द्यायचं म्हणून सकाळी अंघोळ करून ओट्यापाशी उभी राहायचे. तुमची नोकरी पालिकेतली, त्यामुळे १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली तेव्हा तुम्ही जायला लागलात. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत, 'खिडकी मिळाली गं, पण बोलायला कुणी नाही.' २१ ऑक्टोबरला आम्हा बाकीच्या बायकांना दुपारच्या वेळेत प्रवासाची परवानगी मिळाली, तेव्हा मला ऑफिसने बोलावलंही नव्हतं. मी नुसती कल्याणपर्यंत जाऊन परत आले. डब्यात बसून यायचं होतं.

लोक म्हणतात, गाडीतल्या बायकांच्या गप्पा म्हणजे वेळ घालवणं. मला हे मान्य नाही आणि कधीच नव्हतं. मोठं दुःख किंवा मोठा आनंद असला की माणसं येतातच. पण ज्या दिवशी काहीच झालेलं नाही त्या दिवशी मी काय शिजवलं हे तुम्ही नऊ वर्षं विचारलंत, आणि लॉकडाउननंतर पुन्हा तेवढ्याच हौसेने विचारत राहिलात. त्याबद्दल तुमचे आभार. कडेच्या त्या सीटबद्दल आभार. आमसुलाबद्दल आणि ओंजळभर शेंगांबद्दलही.

आपली फास्ट आता पारसिकमधून जात नाही, २०२२ पासून नव्या रुळांवरून मुंब्र्याच्या बाजूने जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सीएसटीला देवगिरी पकडून माहेरी जाताना तेवढा तो बोगदा लागतो. दर वेळी मला तुमचा हात आठवतो.

बाजारात मटार आलाय. शनिवारी दोन किलो घेऊन तुमच्याकडे येते. चारच्या सुमाराला येईन, चहा मीच टाकेन, तुम्ही फक्त वर्तमानपत्र काढून ठेवा.

तुमची,
परभणी