आई-बाबा, मंगळवारी माझं ऑपरेशन आहे

नाशिक, शरणपूर रोड
शुक्रवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग आई रडायला लागते, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आज कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

थायरॉईडची गाठ काढायची आहे एवढंच मी परवा सांगितलं. ते अर्धंच होतं. सुई घालून जी तपासणी केली तिच्यात कॅन्सरची दाट शंका आली आहे. मंगळवारी सकाळी आठ वाजता पूर्ण ग्रंथी काढणार आहेत. डॉक्टर म्हणाल्या, हा बहुधा पॅपिलरी जातीचा असेल. तो सावकाश वाढतो आणि वेळेवर काढला तर बहुतेक माणसं पुढे वर्षानुवर्षं चांगली जगतात. आई, हे वाक्य बाबांकडून दोनदा वाचून घे.

तीन आठवडे तुमच्यापासून लपवलं, त्याची माफी मागतो. चर्चचा पाळक म्हणून आजाऱ्यांच्या उशाशी बसून मी किती जणांना सांगितलंय की दुखणं घरच्यांपासून झाकून ठेवू नका. स्वतःवर आलं तेव्हा मला ते जमलं नाही.

रिपोर्टची गोष्ट सांगतो. कागदावर लिहिलं होतं: बेथेस्डा पाच. मी तो शब्द वाचून तिथेच बाकावर बसलो. मला वाटलं, चुकून बायबलातला शब्द इथे कसा आला? डॉक्टरांनी समजावलं. थायरॉईडच्या पेशी पाहून त्यांची एक ते सहा अशी वर्गवारी करतात. ती अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी तज्ज्ञांनी बसून ठरवली, म्हणून तिला ते नाव. पाच म्हणजे शंका दाट, सहा म्हणजे खात्री. नंतर कळलं की त्या गावाला ते नाव तिथल्या एका चर्चवरून पडलं, आणि चर्चला अर्थातच योहानाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातल्या तळ्यावरून. पाच पडव्यांचं तळं. बाबा, रविवारच्या शाळेत तुम्ही आम्हाला ते फळ्यावर काढून दाखवायचात. पडव्या पाचच हव्यात म्हणून दादाचं चित्र पुसून पुन्हा काढायला लावलं होतं.

त्या रात्री तो अध्याय मी पुन्हा वाचला. अडतीस वर्षं आजारी, त्या तळ्याकाठी पडून असलेला तो माणूस. पाणी हललं की आधी उतरेल तो बरा होतो, अशी तिथे समजूत. प्रभू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? आणि तो होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो म्हणतो, मला पाण्यात सोडायला माझं कुणी माणूस नाही. या वचनावर मी निदान चार वेळा उपदेश केला असेल, पण प्रत्येक वेळी पुढच्या चमत्काराकडे धावलो. 'माझं कुणी नाही' या शब्दांपाशी कधी थांबलोच नाही. आता थांबलो, आणि माणसं मोजत बसलो. तुमची सून रजा टाकून बसली आहे. दादा पैशांचं बघतोय. निफाडकडच्या आपल्या एका कुटुंबाची द्राक्षबागेत छाटणीची घाई चालू आहे, तरी त्या घरचा मुलगा रक्त द्यायला येऊन गेला. रक्त लागण्याची शक्यता फार कमी आहे, असं सांगूनही आला.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, "आधी चाळीस दिवस उपास-प्रार्थना करू. प्रभू हात लावील. सुरी कशाला?" तुमच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला फार जड गेलं, कारण इथेही एका भल्या माणसाने तेच सुचवलं होतं, वर विचारलं होतं की माझ्या आयुष्यात काही कबूल न केलेलं पाप आहे का. त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतो.

माझा जन्म नगरच्या बूथ हॉस्पिटलात झाला. मी आडवा होतो. आईचं पोट उघडून मला काढलं. तुम्ही व्हरांड्यात गुडघे टेकून होतात. ही साक्ष तुम्ही मंडळीत किती वेळा दिलीत! प्रभूने माय-लेकराला वाचवलं, असंच तुम्ही दर वेळी म्हणालात. बाबा, त्या साक्षीत सुरी होतीच की. प्रभूचा हात आणि डॉक्टरांचा हात तुम्ही तेव्हा वेगळे केले नव्हते. मग आता माझ्यासाठी का करता?

आणखी एक. १८४७ साली एडिंबरोत जेम्स सिम्प्सन या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन बाळंतपणाच्या वेदना कमी केल्या. त्यावर धर्माच्या नावाने जे आक्षेप होते त्यांना त्यांनी त्याच वर्षी छापून उत्तर दिलं, आणि त्यात बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय दाखवला: देवाने आदामाला गाढ झोप आणली, मग त्याची फासळी काढली आणि ती जागा मांसाने बुजवली. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की कसं सांगू. मंगळवारी भूल देतील तेव्हा मी तेच आठवणार आहे. देवाने आधी झोपवलं, मगच उघडलं.

उपास मात्र तुम्ही करायचा नाही. तुमच्या साखरेला ते झेपणार नाही. प्रार्थना करा, जेवून करा.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते लिहितो. मरणाची तितकी नाही. आवाजाची आहे.

पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी विचारलं, तुमचं काम बोलण्याचं आहे का? मी म्हटलं, मी पाळक आहे. त्यांनी कागदावर गळा काढला. थायरॉईड फुलपाखरासारखी, आणि तिच्या मागून दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राकडे जाणारी एकेक नस. सुतळीहूनही कितीतरी बारीक. डावी नस तर सरळ गळ्यात येतच नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयाजवळ महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर येऊन आवाजाला मिळते. त्या नसेला कायमची इजा शंभरात एखाद-दोघांनाच होते, असं त्या म्हणाल्या. घसा बसणं, आवाज घोगरा होणं हे काही दिवस होईलच, त्याला भ्यायचं नाही.

मी तो कागद घरी आणलाय. हृदयाला वळसा घालून आवाजापाशी येणारी ती रेघ मी रोज बघतो. बाबा, तुम्ही मला बोलायला शिकवलंत: "मागच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, माईक असो नसो." लोक आवाजाची तारीफ करतात ते मला आवडतं. फार आवडतं. कालपर्यंत मी समजत होतो की प्रभूची सेवा हातची जाईल म्हणून मी घाबरलोय. गुडघ्यावर बसल्यावर कळलं की मी माझ्या आवाजासाठी घाबरलोय. या दोन्ही गोष्टी मी कधी एकमेकींपासून सोडवूनच पाहिल्या नव्हत्या. हे तुम्हाला सांगतोय, कारण मंडळीला अजून सांगता येत नाहीये.

संध्याकाळी शरणपुरात चालायला जातो. १८५४ मध्ये विल्यम प्राइस या मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं पुढे इथे नाशकात शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा दफनविधीचा पाठ त्याने वाचला आणि झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं. ज्या पोराच्या तोंडची मायबोलीसुद्धा हिरावली गेली होती, त्याच्याकडून प्रभूने हे काम करून घेतलं. चालताना त्याचीच आठवण येते.

रविवारी उपासनेनंतर मंडळीचे वडीलजन बायबलातल्या याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मला तेल लावून प्रार्थना करणार आहेत. मी आजवर इतरांच्या कपाळाला तेल लावलं. माझ्या कपाळाला पहिल्यांदाच लागेल. पुढचे काही रविवार उपदेश दुसरे पाळक करतील.

आई, तुझ्यासाठी. ग्रंथी काढल्यावर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. चहा अर्ध्या-एक तासाने. तू सकाळी उठवून हातात चहा द्यायचीस, ते आता जरा थांबून द्यावं लागेल. बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झालं असं समजून लगेच सांगायचं, हे सुनेला पाठ झालंय. तू बसचा त्रास घेऊन लगेच येऊ नकोस. मी घरी आलो की दादा तुम्हाला दोघांना गाडीने घेऊन येईल.

मंगळवारी आठला तुम्ही दोघं ओट्यावर बसा. बाबा, योहान पाच वाचा, मोठ्याने. माझ्या गाठीसाठी मागा, डॉक्टरांच्या हातासाठी मागा. आवाजासाठीही मागा, मला तो हवाच आहे, हे मी प्रभूपासून लपवत नाही. आणि तो नाहीच मिळाला, तर माझ्यात कडवटपणा येऊ नये यासाठीही आत्ताच मागून ठेवा.

आणखी एक काम. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत माझी शाळेतली पाटी असेल, लाकडी चौकटीची, एक कोपरा फुटलेली. दादा सोमवारी येतोय, त्याच्याजवळ ती आणि दोन पेन्सिली द्या. ऑपरेशननंतर काही दिवस कमी बोलायचंय. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या, त्याची वाचा गेली तेव्हा त्यानेही पाटीच मागितली होती, आणि तिच्यावर लेकराचं नाव लिहिलं होतं. शुद्धीवर आलो की मी पहिल्यांदा तुमच्या दोघांसाठी काहीतरी लिहीन आणि दादा त्याचा फोटो पाठवील.

तुमचा,
धाकटा