पावसाळ्याचे मोकळे महिने हाताशी धरायला शिकवणाऱ्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. शिवाय देवबाग-तारकर्लीपासून वेंगुर्ल्यापर्यंत निवास-न्याहारी आणि खानावळ चालवणाऱ्या कितीतरी घरांपुढे दरवर्षी जूनमध्ये एकच चिंता उभी राहते आणि तिच्यावर तुम्ही आम्हाला दाखवलेली वाट त्यांच्याही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

मे महिन्याच्या अखेरीस सागरी पर्यटन थांबते, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी येते, त्यामुळे ताजी मासळीही आटते. पुढे श्रावणात पुष्कळ घरांत मासे वर्ज्य. चतुर्थीला गाव चाकरमान्यांनी फुलून जातो खरा, पण ते आपापल्या घरी उतरतात. आमच्या खोल्या रिकाम्याच राहतात. घरखर्च मात्र बारा महिन्यांचा असतो आणि कर्जाचा हप्ता पाऊस पाहून थांबत नाही.

बँकेतून निवृत्त होऊन तुम्ही गावी आलात आणि त्या पावसाळ्यात संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसू लागलात. तुम्ही आधी उपदेश केला नाहीत, पावत्या मागितल्यात. डब्यात कोंबलेल्या वर्षभराच्या पावत्या, वीजबिले, मासळीचे हिशेब लिहिलेले कागद यांची चळत लावून तुम्ही वहीत राहणे, जेवण, होडी आणि घरगुती पदार्थ असे चार रकाने आखलेत आणि प्रत्येकाचा खर्च त्याच्याच नावावर टाकायला लावलात. सुरमईचे ताट हाच आमचा आधार, असे आम्ही धरून चाललो होतो. मे महिन्यात गर्दी असते तेव्हाच लिलावात सुरमईचा भाव चढतो, त्यामुळे त्या ताटात फारसे काही उरत नाही आणि घावणे-चटणीची न्याहारी, कुळथाची पिठी, सोलकढी यांवर घर उभे आहे, हे त्या रकान्यांनी दाखवले. हंगामात गिऱ्हाईक दारात उभे असताना असा हिशेब मांडायला कोणाला सवड असते? तो मोकळ्या महिन्यांतच होऊ शकतो, आणि या महिन्यांचा सर्वांत मोठा उपयोग मला अजूनही हाच वाटतो.

त्याच वहीवरून तुम्ही पावसाळ्याचा खर्च हंगामाच्या माथी मारलात. दिवाळीपासून मेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत जाते आणि जून ते सप्टेंबरचे हप्ते त्यातून फिटतात. ही सोय झाली तेव्हाच बाकीची कामे शांत डोक्याने सुचू लागली, कारण उद्याची विवंचना असलेल्या माणसाला रिकामा वेळ मिळूनही तो वापरता येत नाही.

दर निम्मे करून पावसात माणसे आणा, असे पुष्कळांनी सुचवले होते. तुम्ही एका खोलीचा वीज, गॅस आणि न वाळणाऱ्या चादरींच्या धुलाईचा खर्च मांडून दाखवलात आणि तो विचार तिथेच संपला. माझे स्वतःचे मत याहून कडक आहे. एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशा आमच्या चिंचोळ्या पट्टीत, उधाणाच्या दिवसांत पाण्यात उतरायला उतावीळ झालेल्या पाहुण्यांना बोलावणे योग्य नाही.

घराच्या कामांची तुम्ही खोलीवार यादी करून घेतलीत. खाऱ्या हवेने गंजलेल्या बिजागऱ्या, पंखे, नळ हे सारे आता पावसाळ्यातच बदलले जाते आणि उघडीप मिळाली की गाद्या बाहेर निघतात, नाहीतर त्यांना बुरशी धरते. जुन्या पाहुण्यांना फोन करण्याची तुमची सूचना मला आधी अवघड वाटली होती. आमंत्रण द्यायचे नाही, काय कमी पडले एवढेच विचारायचे, अशी तुमची अट होती. एका ताईंनी सांगितले की न्हाणीघराच्या उंच पायरीमुळे त्यांच्या आईला फार त्रास झाला. पावसात गवंड्याच्या हातालाही काम नसते. त्याने ती पायरी उतरती करून भिंतीला धरायचा दांडा बसवून दिला.

कोकमाच्या बियांविषयी तर किती लिहू! रातांबे फोडून आम्ही सोलां (वाळवलेली साल) आणि आगळ (खारवलेला रस) करत होतो; बिया मात्र कवडीमोलाने जात. तुमच्या आईंच्या हातचे मुठेल, म्हणजे या बियांचे घट्ट तूप, तुम्हाला आठवत होते. आता मेच्या उन्हात बिया कडकडीत वाळवून गोणीत भरून ठेवते आणि आषाढात पाऊस कोसळत असताना सासूबाई आणि मी त्या फोडायला बसतो. आतला गर कुटून पाण्यात मंद आचेवर उकळला की तूप वर तरंगते. ते निवू लागले की पांढरट होऊन थिजते आणि मग त्याचे हातानेच गोळे वळायचे. भेगाळलेल्या टाचांसाठी पाहुणे ते आवर्जून मागून नेतात.

आगळाच्या बाटल्यांसाठी अन्न परवान्याची नोंदणी, लेबलावरचे घटक, वजन आणि तारीख, हे सारे तुम्ही सोबत बसून करून घेतलेत. लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून तिला एक पैसाही लागत नाही, हे इथल्या अनेकांना आजही ठाऊक नाही आणि ते त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजतात. तुम्ही ती आधार आणि पॅनवरून मोबाईलवर माझ्याच हातांनी भरून घेतलीत, म्हणून पुढे मी शेजारच्या घरांनाही मदत करू शकले.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. याद्या वाढत चालल्या तेव्हा तुम्हीच त्यांतली काही कामे खोडलीत आणि जुलैमध्ये मला मुलीसह माहेरी धाडलेत. हंगामात रोज पहाटे उठणाऱ्या बाईला सवडीत झोपही मिळाली पाहिजे, असे आमच्या घरात याआधी कोणी बोलून दाखवले नव्हते.

येत्या मृगानंतर आमच्या वाडीतल्या काही जणी आपापल्या पावत्या घेऊन आमच्या पडवीत बसणार आहेत. चार रकान्यांची वही मी समजावून सांगेन; कर्जाचे व्याज आणि ठेवीचा हिशेब मात्र तुम्हीच येऊन सांगावा, ही नम्र विनंती. काकूंनाही सोबत आणावे.

आपली कृपाभिलाषी,
देवबागची एक खानावळवाली