पालेभाजीचे खत: इंदूरहून मित्रास पत्र

रामबाग, इंदूर

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. शेणखत भरपूर घालूनही पालक पिवळा पडला आणि शेजारचा युरिया दिलेला वाफा पुढे गेला, म्हणून पालेभाजीला सेंद्रिय खताचा उपयोग नाही असे तू ठरवून टाकलेस. ते मला मुळीच मान्य नाही.

खतात गव्हाचे काड जसेच्या तसे दिसत होते आणि पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढला, असे तूच लिहिले आहेस, आणि कारण नेमके तिथेच आहे. गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) नत्राच्या (नायट्रोजनच्या) सुमारे ८० पट असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतो, आणि काडात तो पुरेसा नसल्यामुळे ते मातीतला उचलतात. मुळांच्या वाट्याला काही उरत नाही, तेव्हा रोप जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवते. पुढे तो नत्र पुन्हा मोकळा होतो, पण वांग्यासारखे पीक तोवर थांबू शकते, महिना-सव्वा महिन्यात कापणीला येणाऱ्या पालकाला तेवढी सवड नसते. पालेभाजीला खत द्यायचे तर ते पेरणीच्या आधी पुरते कुजलेलेच हवे.

कुजवण्याची एक पद्धत तर आमच्या या गावाच्या नावानेच, ‘इंदूर पद्धत’ म्हणून, जगभर ओळखली जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे. येथील वनस्पती संशोधन संस्थेत (तिथेच आज कृषी महाविद्यालय आहे) ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ नंतरच्या वर्षांत ही पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाडांचे क्वचितच, हे मला खटकते. पालापाचोळा व काड, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख असे थर द्यायचे, ओल राखायची, आणि मधूनमधून ढीग उलथायचा, म्हणजे आत हवा खेळते आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. तयार खत मुठीत घेऊन पाहा: ते गार लागते, काळसर व भुसभुशीत असते, त्यात काडी ओळखू येत नाही आणि त्याला शेणाचा नव्हे, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. ढीग नीट तापलेला असला तर तणांचे बी आणि रोगजंतूही बव्हंशी मरतात. पालेभाजी जमिनीलगत वाढते आणि तिची पाने आपण खातो, म्हणून याला फार महत्त्व आहे. कच्च्या शेणातून मुळे खाणारी हुमणी अळी येते ती वेगळीच.

युरियात नत्र ४६ टक्के, तर शेणखतात जेमतेम अर्धा टक्का असतो, म्हणजे एक किलो युरियाइतका नत्र शेणखतातून द्यायचा तर सुमारे ९० किलो खत लागते, आणि तोही पहिल्या हंगामात सगळा मिळत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी तुझा वाफा युरियाच्या वाफ्याला गाठेलच असे मी म्हणणार नाही. युरिया मात्र पिकापुरता पुरतो, जमिनीत सेंद्रिय कर्बाची भर घालत नाही. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत वर्षानुवर्षे कंपोस्ट पडलेल्या तुकड्यातले ढेकूळ बोटांनी दाबताच दाणेदार फुटते, पावसात तिथे पाणी तुंबत नाही आणि मेथीचे रोप मुळासकट सहज उपटून येते. खत न मिळालेल्या बांधाकडच्या जमिनीत तेच ढेकूळ दगडासारखे असते. तुझी जमीन हलकी, मुरमाड. तिला ह्युमसची, म्हणजे पुरत्या कुजलेल्या सेंद्रिय अंशाची, गरज याहून अधिक आहे, कारण तिच्यात ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवणारे दुसरे फारसे काही नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ह्युमस लवकर झिजतो, म्हणून दरवर्षी चौरस मीटरला दोन-अडीच किलो चांगले कुजलेले खत पेरणीआधी मातीत मिसळत जा.

सध्याच्या वाफ्यात ओळींमधून निंबोळी पेंडीची भुकटी टाकून हलके पाणी दे. तिच्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट असतो. नवा ढीग मात्र याच आठवड्यात, विहिरीजवळच्या सावलीत लाव, म्हणजे उन्हाळी चवळी-माठाच्या वेळी खत हाताशी असेल. काड बारीक करून आणि आदल्या रात्री भिजवूनच थरात घाल, आणि पहिल्यांदा ढीग उलथशील तेव्हा आत किती ऊब लागली ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक